फौजदारमावशींची उजवी बाजू

फौजदारमावशी खुर्चीत बसण्याआधी तिच्याकडे अशा बघायच्या, जसं आपण अनोळखी कुत्र्याकडे बघतो. खुर्चीला हात असतील तर शक्यतो बसायच्याच नाहीत. नाइलाज झालाच तर डावीकडे सरकून बसायच्या आणि उजव्या अंगाला वीतभर जागा मोकळी ठेवायच्या. चालताना त्यांचा उजवा कोपर अंगापासून जरासा सुटलेला असायचा. बेडोकच्या बाजारातून भाजी घेऊन आम्ही परत यायचो तेव्हा सगळ्या पिशव्या त्यांच्या डाव्या हातात. उजवा हात रिकामा. मी म्हणायचे, "मावशी, एक पिशवी या हातात घ्या ना, खांदा दुखेल." त्या म्हणायच्या, "दुखू दे. सवय आहे त्याला."

ही सवय कशाची, ते मला त्यांच्या घरी राहायला आल्यावर चारआठ दिवसांत कळलं. मी तेव्हा सिंगापूरला, पाया लेबार भागातल्या एका कंपनीत नवीन लागले होते आणि बेडोकच्या एका ब्लॉकमध्ये मुग्धाच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्यानं घेतली होती. मुग्धाचं ऑफिस पार दुसऱ्या टोकाला, जुरोंग ईस्टला. नवरा कामासाठी महिन्यातले बरेच दिवस जकार्ताला. म्हणून लहानग्या रियाला सांभाळायला मुग्धाची आई साताऱ्याकडून, वाईहून आली होती. ती आई म्हणजे फौजदारमावशी. महाराष्ट्र पोलिसात होत्या. निवृत्त होईपर्यंत हुद्दा वाढला होता, पण वाईत त्यांना सगळे फौजदारच म्हणत, आणि तेच नाव विमानात बसून सिंगापूरला आलं.

नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी साध्या वेशात काढली होती. पुण्यातल्या एका न्यायाधीशबाईंच्या जिवाला धोका होता, त्यांच्या अंगरक्षक म्हणून. रोज सकाळी सैलसर कुडता, वर बिनबाह्यांचं जाकीट, आणि त्या जाकिटाखाली उजव्या कमरेला पिस्तूल. बघणाऱ्याला वाटावं, बाईंची कुणी मावसबहीण असेल. "तसं वाटलं नाही तर माझा उपयोग काय?" मावशी म्हणायच्या.

पिस्तूल म्हटलं की आपल्याला धडाका आठवतो. मावशींना आठवायची ती खाज. म्हणजे सुरुवातीला कमरेला घासून घासून उठलेलं पुरळ. ते हत्यार पुरुषाच्या कमरेचा विचार करून दिलेलं. बसलं की बरगडीत घुसायचं, वाकलं की मूठ कुडत्यातून टोक काढायची. मग त्यांनी स्वतःच अभ्यास केला. कमरेच्या हाडाच्या किती मागे ठेवलं तर वजन हाडावर येतं आणि मांसावर येत नाही. पट्टा किती रुंद हवा. कुडत्याचं कापड कसं हवं, तर अंगाला न चिकटणारं आणि शक्यतो बारीक नक्षीचं, कारण साध्या रंगावर उंचवटा लगेच दिसतो. लग्नसमारंभाला बाईंबरोबर साडी नेसून जायचं असेल तर सगळंच उलटं. उजवीकडे साडी अंगाला घट्ट, म्हणून हत्यार डावीकडे मोकळ्या पदराखाली. त्यासाठी त्यांनी घरी आरशासमोर उभं राहून कित्येक दिवस सराव केला होता. "आणि बाथरूमला गेल्यावर ते ठेवायचं कुठं, हे मला ट्रेनिंगमध्ये कुणी म्हणजे कुणी सांगितलं नाही. सगळे शिकवणारे पुरुष!" हे सांगताना त्या इतक्या हसायच्या की डोळ्यांतून पाणी यायचं.

या सगळ्यातून त्यांचं एक वाक्य तयार झालं होतं आणि ते त्या कशालाही लावायच्या. "टोचणारी वस्तू माणूस चार दिवस बाळगतो, पाचव्या दिवशी घरी ठेवतो. आणि लागते ती सहाव्या दिवशी." त्यामुळे बाळगायची ती वस्तू आधी अंगावर सुखाची झाली पाहिजे, बाकी सगळं नंतर, असं त्यांचं मत. माझ्या दम्याच्या पंपावर पहिल्यांदा हे वाक्य आलं. तो मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे. खिशात फुगतो, पर्समध्ये सापडत नाही. मावशींनी माझे सगळे कुडते मागून घेतले आणि प्रत्येकाच्या बाजूच्या शिवणीत आतून एक उभा खिसा शिवला. पंप त्यात असा बसायचा की मी घातल्यावर दहा मिनिटांत विसरून जायचे. "विसरलीस ना? मग आता तो तुझा झाला," त्या म्हणाल्या. मला आणखी एक ताकीद मिळाली. पंप आहे की नाही हे बघायला सारखा हात लावायचा नाही. नवशिका शिपाई तिथंच पकडला जातो, म्हणे. हात सारखा कमरेला गेला की साऱ्या जगाला कळतं काय आहे ते.

सिंगापूरला येताना कमरेला पिस्तूल नव्हतं. हत्यार सरकारचं, ते निवृत्तीच्या दिवशीच जमा झालेलं. पण ज्या जागी ते होतं ती जागा मावशींना रिकामी सोसवेना. "जमा करून बाहेर पडले तर मला नीट चालताच येईना. एका बाजूला कलल्यासारखं वाटायला लागलं. एसटी स्टँडपर्यंत लोक बघत होते, म्हातारीनं काही घेतलंय की काय." मग त्यांनी एक छोटा, अंगठ्याएवढा जाड टॉर्च घेतला. वाईच्या चांभाराकडे बसून त्याच्यासाठी चामड्याचं म्यान करून घेतलं, टॉर्चच्या धारदार कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या आणि तो उजव्या कमरेला, हाडाच्या जरा मागे, कुडत्याखाली लावला. तेव्हापासून तो तिथंच होता.

"अहो मावशी, फोनला असतो की टॉर्च," मी एकदा म्हटलं.

"फोन लोकांचा असतो गं. कुणाचाही येतो, कधीही येतो. हा फक्त माझा."

आणि त्या त्याचा उपयोग करायच्या! कुकरचं झाकण उघडून डाळ शिजली का ते टॉर्चनं बघायच्या. रियाचा घसा बघायच्या. सोफ्याखाली गेलेलं कानातलं काढायच्या. बाजारात मासळीच्या ठेल्यावर उभ्या राहून सुरमईचे कल्ले उचकटून आत उजेड टाकायच्या. मासळीवाला अंकल आधी चिडायचा, मग हसायला लागला. "आंटी, माय फिश नो क्राइम, लाह!" असं तो इथल्या ढंगाच्या इंग्रजीत लांबूनच ओरडायचा. मावशींना इंग्रजी बेताचंच यायचं, पण 'क्राइम' कळायचं. त्या गंभीर चेहरा करून त्याला म्हणायच्या, "चेकिंग, चेकिंग."

टॉर्च त्या कुणाला देत नसत. मागून बघा, देत नसत. रिया हट्ट करायची, रडायची, तिला दुसरा तसाच आणून दिला तरी तिला आजीचाच हवा असायचा. मावशी बाकी सगळ्या बाबतीत नातीपुढे लोणी होत्या, पण इथं नाही. "हा माझ्या अंगावरचा आहे, बाळा," एवढंच म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

हे गाव त्यांना फार आवडलं आणि इथे त्यांना फार चुकल्यासारखंही व्हायचं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या मंडपात, लोक टेबलावर पर्स ठेवून, फोन ठेवून, कधी नुसतं टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरतात आणि निवांत जेवण आणायला जातात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मावशींचा श्वासच अडकला. शेजारच्या टेबलावर कुणाची तरी लॅपटॉपची बॅग एकटी पडलेली. मावशी आपलं ताट सोडून उठल्या आणि त्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठ टेबलाकडे, तोंड गर्दीकडे, हात समोर बांधलेले. मी खुणा करत होते, त्या हलेनात. थोड्या वेळानं बॅगेचा मालक, एक तरुण चिनी मुलगा, नूडल्सचा ट्रे घेऊन आला. त्याला वाटलं या आजींना टेबल हवंय. "आंटी, यू सिट, यू सिट," म्हणत तो आपली बॅग उचलायला लागला. मावशी म्हणाल्या, "नो सिट. युवर बॅग. ओके नाऊ." आणि येऊन आपला गार झालेला डोसा खाऊ लागल्या. असं पुढेही बऱ्याचदा झालं. मी म्हणायचे, इथं कुणी चोरत नाही. त्या म्हणायच्या, "माहितीये. पण मला बसवत नाही."

मुग्धाचं आणि त्यांचं मात्र काहीतरी बिनसलेलं होतं. भांडण नव्हतं. मुग्धा आईचं सगळं करायची, तिच्या गुडघ्यांच्या गोळ्या, तिच्या इथं राहण्याच्या पासचं नूतनीकरण, तिच्यासाठी वाईच्या बहिणीला फोन लावून देणं. पण दोघी एकमेकींशी शेजाऱ्यांसारख्या बोलायच्या, नीट आणि थोडक्यात. एकदा रविवारी भाजी निवडताना मुग्धा आपणहून बोलली. "लहानपणी मी आईला बिलगायला धावायचे ना, तर ती मला खांद्याला धरून डावीकडे वळवायची. रोज. उजवीकडे ते असायचं. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच असतात. मग एकदा मैत्रिणीच्या घरी तिच्या आईनं मला दोन्ही हातांनी जवळ घेतलं, तर मी दचकलेच." ती हसली, पण निवडलेल्या मेथीत परत देठ टाकत राहिली. मावशी तेव्हा बाहेर कॉरिडॉरमध्ये लिम आंटींशी बोलत बसल्या होत्या.

लिम आंटी आमच्या मजल्यावरच्या. एकट्या राहायच्या, वॉकर घेऊन चालायच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मावशींना चिनी येत नव्हतं, इंग्रजी दोघींचंही सारखंच मोडकं. तरी दोघी कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या बिनहाताच्या खुर्च्या टाकून तासन् तास बसायच्या. मावशी मराठीत सांगायच्या, आंटी त्यांच्या भाषेत उत्तर द्यायच्या, आणि गुडघ्यांचा विषय निघाला की दोघींना सगळं कळायचं.

मी एकदा मावशींना सरळ विचारलं, तुम्ही कधी गोळी झाडलीत का.

"सरावाची रेंज सोडून कधी नाही." मग पोळपाटावर पीठ टाकून म्हणाल्या, "एकदा झाडणार होते."

त्या पोळ्या लाटत होत्या, लाटता लाटता सांगत गेल्या. एका सभागृहात न्यायाधीशबाईंचं भाषण झालं होतं. बाई पायऱ्या उतरत होत्या. गर्दीतून एक तरुण वेगानं पुढे आला, हात जाकिटाच्या आत. मावशी बाईंच्या पुढे झाल्या. त्यांचा हात मुठीवर गेला, मूठ बाहेर आली, पुढचं सगळं बोटात आलं होतं. त्या तरुणानं हात बाहेर काढला तर हातात फोन. त्याला बाईंबरोबर फोटो हवा होता.

"मग?"

"मग काय? बाई म्हणाल्या, या ना. काढला फोटो. मीच काढून दिला." मावशींनी पोळी उलटली. "घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. तो पोरगा आत्ता कुठंतरी असेल, बायकामुलं असतील. त्याला कधी कळलंच नाही, अनघा. आणि कळू नये हेच बरं."

त्यानंतर मी हा विषय काढला नाही.

आगीचा दिवस साधाच उजाडला होता. रियाला बारीक ताप होता म्हणून ती शाळेत गेली नव्हती. मुग्धा ऑफिसला गेली होती. मी घरूनच काम करत होते, कानात हेडफोन घालून मीटिंगमध्ये बसले होते. मावशींनी येऊन माझे हेडफोन काढले. "वास येतोय." मला काही येत नव्हता. त्यांनी दाराला हाताची उलटी बाजू लावून पाहिली, मग दार फटीएवढं उघडलं. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाच्या एका घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरनं पेट घेतला होता. काळा, तेलकट धूर छताला धरून आमच्याकडे येत होता. कुणीतरी चिनीत ओरडत होतं. तेवढ्यात दिवे गेले.

आमच्या बाजूचा जिना ब्लॉकच्या पोटात होता, खिडक्या नसलेला. दिवसाढवळ्या तिथं विहिरीसारखा अंधार झाला होता. मावशींनी रियाचं तोंड ओल्या नॅपकिननं बांधलं, एक माझ्याकडे फेकला. मग त्यांनी कुडता बाजूला सारला आणि कमरेचा टॉर्च काढून रियाच्या हातात दिला.

"हा धर. पायऱ्यांवर उजेड पाड. अनघामावशीला रस्ता दाखवायचा. दाखवशील ना?"

रियानं मान हलवली. तापानं आणि भीतीनं तिचे डोळे मोठे झाले होते.

"हिला कडेवर घे आणि मध्ये कुठं थांबू नकोस," मला म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"मी आलेच," म्हणाल्या आणि धुराच्या दिशेनं वळल्या. लिम आंटींचं दार तिकडे होतं.

मी थांबले नाही. थांबावंसं वाटलं, पण पोर कडेवर होतं आणि मावशींच्या आवाजात असं काही होतं की पाय आपोआप खाली निघाले. वरच्या मजल्यांवरची माणसं धक्के देत उतरत होती. कुणाची चप्पल अडकत होती, कुणी देवाचं नाव घेत होतं. रिया दोन्ही हातांनी टॉर्च धरून माझ्या पायाखाली उजेड पाडत होती आणि "स्टेप, स्टेप, मावशी, स्टेप," म्हणत होती. पुढच्या माणसांनाही तोच उजेड मिळत होता. एका वळणावर माझी छाती बंद झाली. मी भिंतीला टेकले, शिवणीतल्या खिशातून पंप काढला, दोनदा ओढला आणि परत चालू लागले. पंप ड्रॉवरमध्ये असता तर मी त्या वळणावरच बसले असते.

खाली ब्लॉकपुढच्या मोकळ्या जागेत सगळे जमले होते. बंब आले, होज पाइप वर गेले. मी जिन्याच्या तोंडाकडे बघत उभी होते. माणसं येत राहिली, मग कमी झाली, मग येईनाशीच झाली. एका जवानाला मी मजला सांगितला, दोन म्हाताऱ्या बायका म्हणून सांगितलं. तो आत धावला. आणि थोड्या वेळानं त्या दोघी आल्या, जवान मागून आधार देत होता. दोघींचे चेहरे काजळीनं काळे, ओळखू न येण्याजोगे. लिम आंटींचा वॉकर वरच राहिला होता, गुडघे वाकत नव्हते. म्हणून मावशींनी त्यांना जिन्यात बसवलं होतं, स्वतः एक पायरी खाली बसल्या होत्या, आणि दोघी बसल्या बसल्या एकेक पायरी सरकत त्या काळोखातून निम्मा ब्लॉक उतरून आल्या होत्या. जवानाला त्या अशाच सापडल्या. मावशींच्या कुडत्याचा मागचा भाग पार फाटला होता. त्यांना ऑक्सिजन लावला तेव्हाही लिम आंटींनी त्यांची ओढणी मुठीत धरून ठेवली होती.

मुग्धा जुरोंग ईस्टहून टॅक्सीनं आली. रस्ता आख्खं बेट ओलांडायचा. टॅक्सीचं दार उघडंच टाकून ती धावत आली. तिनं रियाला उचललं आणि आईकडे एकदाच पाहिलं.

बोलली ती संध्याकाळी. आमच्या घराला आग लागली नव्हती, फक्त धुराची काजळी धरली होती. आम्हाला वर जायला परवानगी मिळाली. मुग्धा स्वयंपाकघरातला ओटा पुसत होती. पुसलेलाच पुन्हा पुसत होती.

"तू रियाला सोडून गेलीस," ती आईकडे न बघता म्हणाली.

मावशी पाटावर बसल्या होत्या. केसांत अजून काजळी होती.

"घर धुरानं भरतंय, पोर तापानं फणफणलंय, आणि तू दुसऱ्याच्या दारात. आई, तू आयुष्यभर हेच केलंस. माझ्या दहावीच्या निकालाला तू बाईंबरोबर नागपूरला. बाबांना ॲडमिट केलं तेव्हा तू बाईंच्या फाटकावर. त्यांच्यापुढे छाती काढून उभी राहायचीस, आणि आम्ही? आमच्यापुढे कोण उभं होतं?"

मी उठून खोलीत जाणार होते, पण जाता येईना. मावशींनी मान खाली घातली, एवढंच.

रिया दारात उभी होती. तिच्या हातात अजून तो टॉर्च होता. "मम्मा, आज्जीनं मला टॉर्च दिला," ती म्हणाली. "तिचावाला. शी नेव्हर गिव्ह एनीबडी, लाह. मी मागितला तरी कॅनॉट. आज तिनं स्वतः दिला."

मुग्धाचा हात थांबला. तिनं टॉर्चकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग तू... तुझ्याकडे काय होतं? जिन्यात?"

"भिंत होती की," मावशी म्हणाल्या. "हात लावत लावत गेले."

मुग्धा तिथंच, ओल्या फरशीवर बसली. मग ती उठली, बादलीत गरम पाणी काढलं, आईला न्हाणीघरात स्टुलावर बसवलं आणि तिचे केस धुवायला लागली. पाणी काळं निघत होतं. ती पुन्हा शाम्पू लावायची, पुन्हा काळं निघायचं. दार उघडंच होतं. मावशींनी डोळे मिटून घेतले होते आणि मुग्धा एका हातानं त्यांचं कपाळ धरून, साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून, फार हळू पाणी ओतत होती.

त्यानंतर त्या दोघी एकदम मैत्रिणी झाल्या असं नाही. पण मुग्धा ऑफिसातून दुपारी फोन करायला लागली, आणि तो कामाचा नसायचा. "आई, आज मासळीवाला काय म्हणाला?" असले फोन. लिम आंटींच्या मुलानं आईला आपल्याकडे सेरंगूनला नेलं. जाताना आंटींनी मावशींना स्वतःची प्लास्टिकची खुर्ची दिली. दोघी रडल्या, आणि मग गुडघ्यांबद्दल काहीतरी बोलून हसल्या.

पुढच्या वर्षी मावशींची वाईची बहीण आजारी पडली. तिचं करायला त्या परत जायला निघाल्या. रिया मोठी झाली होती, शाळेतून एकटी यायला शिकली होती. मुग्धानं अडवून पाहिलं, पण फार नाही. त्या गेल्या, बहिणीचं सगळं केलं, आणि पुढे बहीण बरी झाली तरी तिथंच राहिल्या. गेल्या वर्षी एका सकाळी झोपेतच गेल्या. मुग्धाचा फोन आला तेव्हा मी पाया लेबार स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर होते. मी खाली जाऊन तशीच परत वर आले आणि बेडोकची गाडी धरली.

पण मावशी म्हटलं की मला त्यांची इथली शेवटची संध्याकाळ आठवते. दुसऱ्या दिवशी विमान होतं. मुग्धानं सुट्टी काढली होती, आणि आम्ही सगळ्या ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर गेलो होतो. दूरवर जहाजं ओळीनं उभी होती. रिया वाळूत खड्डा खणत होती. मावशी चप्पल काढून पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या होत्या, साडी वर खोचून. मुग्धा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. मी थोडी मागे, वाळूत बसले होते, त्यामुळे मला ऐकू आलं.

"आई, तुला भीती वाटायची का गं? ड्यूटीवर?"

एक लाट आली आणि गेली.

"ड्यूटीवर नाही वाटायची. तिथं कामच इतकं असायचं. घरातून निघताना वाटायची. रोज. पहाटे निघायचे मी, तू झोपलेली असायचीस."

"मग निघायचीस कशी?"

"काय करणार? तुझं पांघरूण सारखं करायचे," मावशी म्हणाल्या, "आणि निघायचे."